बारावीचं इंग्रजी: उतारे, कविता आणि नॉव्हेल सेक्शनची तयारी, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ज्युनिअर कॉलेजला बारावीला इंग्रजी शिकवते. दिवाळीची सुट्टी संपली की मुलांचे, त्यांच्या आईवडिलांचे आणि नव्याने लागलेल्या शिक्षकांचेसुद्धा तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. हे महाराष्ट्र बोर्डाच्या लेखी पेपरबद्दल आहे, २०२० ला आलेल्या 'युवकभारती' पुस्तकावरच्या. रायटिंग स्किल्सबद्दल इथे फारसं लिहिणार नाही कारण ईमेल, रिपोर्ट, अपील यांचा साचा असतो आणि तो सरावाने बसतो. मुलं खरी अडकतात ती वाचनात आणि साहित्यात.

वाचन आणि साहित्याला नक्की किती मार्क आहेत?

लेखी पेपर ८० चा, वेळ ३ तास. गद्य ३४, कविता १४, रायटिंग स्किल्स १६ आणि नॉव्हेल १६. गद्याच्या ३४ मध्ये पुस्तकातला उतारा १२, ग्रामर ४, अनसीन (पुस्तकाबाहेरचा) उतारा १२, त्याच अनसीनची समरी ३ आणि माइंड मॅपिंग (दिलेल्या विषयावर मुद्द्यांची आकृती काढणं) ३. कवितेत १० मार्कांच्या कृती आणि ४ मार्कांचं अप्रिसिएशन (रसग्रहण). म्हणजे रायटिंग स्किल्स बाजूला काढली तरी ६४ मार्क उरतात आणि त्यातले बहुतेक तुम्ही समोरचा मजकूर कसा वाचता यावर अवलंबून आहेत.

गाईडमधली उत्तरं पाठ केली तर चालेल ना?

पास व्हायला कदाचित चालेल, पण एक हिशोब करा. अनसीन उतारा आणि त्याची समरी मिळून १५ मार्क, हे कुठल्याच गाईडमध्ये नाहीत. पर्सनल रिस्पॉन्सचे मार्क पण तुमच्या स्वतःच्या विचाराचे. आणि पुस्तकातला उतारा येतो तोसुद्धा पेपरात अख्खा छापून येतो, कविता पण छापून येते. उत्तर समोरच्या कागदावर आहे आणि मुलं छताकडे बघून पाठ केलेलं आठवत बसतात, हे दरवर्षी बघते आणि दरवर्षी वाईट वाटतं. सगळ्या तयारीचं सार मला विचाराल तर हेच की जे लिहाल त्याला उताऱ्यातल्या ओळीचा पुरावा द्या. पाठांतर लागतं ते कवीचं नाव, काव्याचा प्रकार, अलंकारांच्या व्याख्या आणि नॉव्हेलच्या इतिहासाचे मुद्दे एवढ्यासाठी.

अनसीन उतारा आधी वाचायचा की प्रश्न आधी?

प्रश्न आधी, पण फक्त नजर टाकायची. मग उतारा एकदा न थांबता सलग वाचायचा, अवघड शब्दावर अडून बसायचं नाही. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल हातात, आणि प्रत्येक परिच्छेदाच्या बाजूला एकदोन शब्दांत काय चाललंय ते मराठीत लिहिलं तरी हरकत नाही, ते तुमच्यासाठी आहे. हेच शब्द पुढे समरीला कामाला येतात. समरीला टायटल द्यायला बरीच मुलं विसरतात, आणि उताऱ्यातली उदाहरणं, आकडे, नावं समरीत भरत बसतात. उदाहरणं काढून टाकली की जे उरतं ते साधारण एक तृतीयांश असतं, तीच समरी.

इन्फर करा (म्हणजे तर्काने ओळखा), कारण सांगा असे प्रश्न आले की काय लिहायचं कळत नाही. लेखकाने तर कारण दिलेलंच नसतं.

बरोबर, दिलेलं नसतंच, म्हणून तर विचारतात. आर. के. नारायण यांची 'ॲन अस्ट्रॉलॉजर्स डे' घ्या. रात्र होत आलीये, ज्योतिषी पथारी गुंडाळायच्या बेतात आहे, एक अनोळखी माणूस येतो, पैज लावतो आणि चिरूट पेटवतो. काडीच्या उजेडात ज्योतिषाला त्याचा चेहरा क्षणभर दिसतो आणि लगेच तो पैजेतून अंग काढून घ्यायला बघतो. का? तिथे कारण लिहिलेलं नाही. गोष्ट शेवटपर्यंत माहीत असलेला मुलगा लगेच लिहितो की हा गुरू नायक होता, ज्योतिषाने तरुणपणी त्याला भोसकून विहिरीत टाकलं होतं. उत्तर खरं आहे पण अर्धं आहे. प्रश्न त्या उताऱ्यावर असेल तर उताऱ्यातल्या तीन गोष्टी जोडून दाखवायच्या: आधी तो पैजेला तयार होता, मग काडी पेटली, चेहरा दिसला, आणि त्यानंतर तो अस्वस्थ झाला. म्हणजे त्याने माणसाला ओळखलं असणार आणि ती ओळख सोयीची नसणार. एवढं दोनतीन साध्या इंग्रजी वाक्यांत लिहिलं, शेवटच्या वाक्याची सुरुवात 'धिस सजेस्ट्स दॅट' अशी केली, की पेपर तपासणाऱ्याला दिसतं की तुम्ही वाचलंय.

वर्गात मी हे असं घेते की गोष्ट तिथेच थांबवायची, पुस्तकं बंद करायची आणि विचारायचं की हा घाबरला हे तुम्हाला कशावरून कळलं. 'कशावरून' हा प्रश्न वर्षभर इतक्या वेळा विचारायचा की मुलं स्वतःच स्वतःला विचारायला लागली पाहिजेत.

आयरनी म्हणजे नक्की काय, उदाहरणासकट सांगा.

ओ. हेन्रीच्या 'द कॉप अँड द अँथम' गोष्टीतला सोपी नावाचा माणूस घ्या. न्यूयॉर्कमधला बेघर माणूस, हिवाळ्यात उबदार जागा मिळावी म्हणून त्याला तीन महिने तुरुंगात जायचंय, त्यासाठी तो काय काय करतो तरी पोलीस पकडत नाहीत. शेवटी चर्चमधलं संगीत ऐकून तो सुधारायचं ठरवतो आणि नेमका तेव्हाच पकडला जातो. जे व्हावं म्हणून धडपडला ते नको झाल्यावर घडलं, ही आयरनी. उत्तरात दोन्ही बाजू आल्या पाहिजेत, काय अपेक्षित होतं आणि काय झालं. नुसतं 'द एंडिंग इज आयरॉनिक' लिहून सोडलं तर त्यातून काही कळत नाही.

अप्रिसिएशनचे ४ मार्क कसे मिळवायचे? आमच्या सरांनी एक फॉरमॅट दिलाय तो सगळ्या कवितांना चालतो म्हणाले.

फॉरमॅट असावा, पेपरातच मुद्दे दिलेले असतात: कविता, कवी आणि शीर्षक, मग थीम, मग अलंकार, भाषा, शैली, आणि शेवटी संदेश किंवा तुमचं मत. पण सगळ्या कवितांना चालणारी वाक्यं म्हणजे कुठल्याच कवितेबद्दल नसलेली वाक्यं. 'द पोएट हॅज यूज्ड सिंपल अँड ल्युसिड लँग्वेज' हे वाक्य तपासणाऱ्यांनी त्या दिवशी किती वेळा वाचलं असेल विचार करा.

दिलीप चित्रे यांची 'फादर रिटर्निंग होम' घेऊन बघू, मला स्वतःला ही कविता फार जवळची आहे आणि आपल्या मुलांना ती पटकन भिडते कारण लोकल ट्रेन, पावसाळा, चिखल, सगळं ओळखीचं आहे. चित्रे मराठीतले मोठे कवी, तुकारामांचे अभंग त्यांनी इंग्रजीत नेले, १९९४ ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ही माहिती एका वाक्यात पुरे, चरित्र लिहू नका.

आता कविता. संध्याकाळची उशिराची गाडी, पिवळा उजेड, गप्प उभे असलेले प्रवासी, त्यात उभे वडील. ओले कपडे, रेनकोटवर चिखलाचे डाग, पुस्तकांनी भरलेली आणि उसवत चाललेली बॅग. खिडकीबाहेर उपनगरं सरकतायत आणि त्यांना काही दिसत नाही. इथे मुलांना विचारा, कवीने 'वडील दमले होते' असं कुठे म्हटलंय का? कुठेच नाही. वस्तू दाखवल्यात आणि वस्तूंवरून आपल्याला कळतं. मग ते गाडीतून उतरतात ती उपमा येते, लांबलचक वाक्यातून गळून पडलेल्या एखाद्या शब्दासारखे. सिमिली आहे हे सगळे ओळखतात, पण थांबून विचार करा, वाक्यातून एक शब्द गळला तर वाक्य तसंच पुढे जातं, कुणाच्या लक्षातही येत नाही. गाडी तशीच पुढे निघून जाते. म्हणजे या माणसाच्या असण्या-नसण्याने शहराला फरक पडत नाही. हे दोन ओळींत लिहिता आलं तर अलंकाराचा मुद्दा आणि थीमचा मुद्दा दोन्ही एकदम सुटतात.

आणि घरी आल्यावर काय, तर पाणचट चहा, शिळी चपाती, आणि मुलं त्यांच्याशी जोक आणि गुपितं शेअर करत नाहीत. बाहेरचा एकटेपणा घरात पण संपत नाही, ही थीम. मत लिहिताना 'आय लाइक धिस पोएम व्हेरी मच' एवढ्यावर थांबू नका, कुठलं चित्र लक्षात राहिलं आणि का ते लिहा. एका मुलीने लिहिलं होतं की घरी मुलं पण आहेत तरी कवितेत कुणी एकमेकांशी बोलतच नाही, आवाज येतो तो फक्त रेडिओच्या खरखरीचा. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. असं एक वाक्य अख्खं पान भरून लिहिलेल्या उत्तरापेक्षा जास्त सांगून जातं.

फिगर ऑफ स्पीच (अलंकार) ओळखता येतं पण एक्स्प्लेन करताना मार्क जातात.

कारण व्याख्या लिहून सोडून देता. नाव, कुठले शब्द, आणि काय साधलं, हे तीनही हवं. 'इंडियन वीव्हर्स' मध्ये सरोजिनी नायडूंनी सकाळी, संध्याकाळी आणि थंड चांदण्या रात्री काय विणतायत ते विचारलंय: नवजात बाळाचं झबलं, राणीच्या लग्नाची ओढणी आणि मग प्रेताचं कफन. झबल्याचा निळा रंग पक्ष्याच्या पंखासारखा, ओढणी मोरपिसासारखी जांभळी-हिरवी, कफन पिसासारखं आणि ढगासारखं पांढरं. सिमिली तिन्हीकडे आहे, पण रंग हळूहळू उडत जातो, हे एक्स्प्लनेशन. शिवाय दिवसाच्या वेळा म्हणजे आयुष्याचे टप्पे, तिथे सिम्बॉलिझम.

गोंधळ होतो तो बहुतेक सिमिली (उपमा) आणि मेटाफर (रूपक) यांच्यात, 'लाइक' किंवा 'ॲज' दिसलं की मुलं डोळे मिटून सिमिली लिहितात. 'ॲज' चा अर्थ 'जेव्हा' किंवा 'कारण' असाही असतो, तुलना आहे का ते बघा. दुसरा घोळ ॲलिटरेशनचा (अनुप्रास), तिथे स्पेलिंग बघू नका, उच्चार बघा.

राइम स्कीम (यमकांची रचना) आणि फ्री व्हर्स (मुक्तछंद) यावर किती वेळ घालवू?

एक दुपार. 'द इंचकेप रॉक' मध्ये दोन-दोन ओळी जुळतात, ए ए बी बी. बायरनच्या 'शी वॉक्स इन ब्यूटी' कवितेत प्रत्येक कडव्यात सहा ओळी, ए बी ए बी ए बी. व्हिटमन फ्री व्हर्स. मोठ्याने वाचलं की कान स्वतःच पकडतो. पुढे जा.

स्वतःच्या दोन-चार ओळी रचायला सांगतात, मला कविता येत नाही.

कवी व्हायला कुणी सांगत नाहीये, २ मार्क आहेत. दिलेला विषय धरा, शेवटचे शब्द जुळवा किंवा एखादी तुलना घाला, सोपे शब्द वापरा. रिकामं मात्र सोडू नका.

नॉव्हेल सेक्शनसाठी तिन्ही कादंबऱ्या ('टू सर, विथ लव्ह', 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज', 'द साइन ऑफ फोर') अख्ख्या वाचायच्या का?

परीक्षेसाठी पुस्तकात दिलेले भाग आणि कादंबरीच्या इतिहासाचा धडा पुरतो. वेळ असेल, म्हणजे बारावीच्या आधीची सुट्टी, तर एकतरी पूर्ण वाचाच, शेरलॉक होम्सची ('द साइन ऑफ फोर') वाचली तर थांबवणार नाही.

सिनेमा बघून अभ्यास करायचा मोह होतो त्याबद्दल मात्र सावध करते. 'टू सर, विथ लव्ह' वर १९६७ चा सिनेमा आहे, सिडनी पॉइटिएचा, फार सुंदर आहे, पण त्यात शिक्षकाचं नाव थॅकरे केलंय. पुस्तकात ते ब्रेथवेट, लेखकाचंच नाव, आणि पेपरात थॅकरे लिहिलं तर चूक. तसंच १९५६ च्या 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' सिनेमात बलूनचा प्रवास आहे आणि तो इतका गाजला की लोकांना वाटतं कादंबरीत आहे. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीत नायक फॉग बलूनमध्ये बसतच नाही. पुस्तक वाचून झाल्यावर सिनेमा जरूर बघा आणि काय बदललं त्याची यादी करा, तो उत्तम अभ्यास आहे.

नॉव्हेलची उत्तरं पन्नास शब्दांत कशी बसवायची?

पहिलं वाक्य थेट उत्तर. दुसरं-तिसरं वाक्य प्रसंग. चौथं, त्या प्रसंगातून काय कळतं. बस. 'धिस क्वेश्चन इज बेस्ड ऑन द नॉव्हेल...' अशी प्रस्तावना केलीत की तिथेच पंधरा शब्द गेले.

स्वभाववर्णनात विशेषणांची रांग लावू नका. फॉग वक्तशीर आहे, शांत आहे, उदार आहे असं लिहिण्यापेक्षा एक गुण घ्या आणि एक प्रसंग. आणि ऐंशी दिवसांत जगाला फेरी मारायची पैज फॉग जिंकला कसा, हा प्रश्न नीट समजून घ्या कारण मुलं 'तो लवकर पोचला' असं लिहून मोकळी होतात. तो सतत पूर्वेकडे जात होता, प्रत्येक रेखांशाला दिवस ४ मिनिटांनी लहान होत गेला, ३६० रेखांश म्हणजे १४४० मिनिटं, म्हणजे अख्खे २४ तास. त्याला वाटलं आपण हरलो, खरं तर लंडनमध्ये एक दिवस कमी झाला होता. सायन्सच्या मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात.

'द साइन ऑफ फोर' मध्ये गोष्ट वॉटसन सांगतो हे लक्षात ठेवा, होम्सच्या डोक्यात काय चाललंय ते आपल्याला वॉटसनइतकंच कळतं आणि म्हणून उत्सुकता टिकते. नॅरेटर कोण आणि त्यामुळे काय होतं, हा विचार तिन्ही कादंबऱ्यांना लावून बघा.

मुलगा मराठी माध्यमातून आलाय, त्याला हे सगळं झेपेल का?

झेपेल, आणि हे धीर द्यायला म्हणत नाहीये. दहावीच्या मराठीत त्याने कवितेचं रसग्रहण केलंय: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. अप्रिसिएशन वेगळं काही नाही. उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती, अतिशयोक्ती, अनुप्रास त्याला माहीत आहेत, इंग्रजी नावं तेवढी शिकायची. अडचण असते ती वाक्यं लिहिण्याची, त्यासाठी आधी मराठीत बोलून उत्तर ठरवू द्या, मग छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहू द्या, क्रियापद वर्तमानकाळात. अवघड इंग्रजी लिहायचा हट्ट नको. माझ्या अनुभवात मराठीत भरपूर वाचणारी मुलं इन्फरन्सच्या प्रश्नांत कुणालाच हार जात नाहीत, त्यामुळे त्याची मराठी पुस्तकं 'आता बारावी आहे' म्हणून काढून घेऊ नका, ही आईबाबांना कळकळीची विनंती.

शब्दसंग्रह वाढवायला रोज डिक्शनरीतले शब्द पाठ करू?

नको, टिकत नाहीत. रोज इंग्रजी पेपरातला एक लेख, संपादकीयच पाहिजे असं नाही, क्रिकेटचा असला तरी चालेल. अडलेल्या शब्दाचा आधी अंदाज लावायचा, मग डिक्शनरी. अंदाज लावायची सवय हीच परीक्षेत उपयोगी पडते, तिथे मोबाइल नसतो.

मी नवीन शिक्षक आहे, वर्गात ऐंशी-नव्वद मुलं आणि पोर्शन संपवायचं प्रेशर. हे सगळं बसवू कसं?

सगळं नाही बसणार. एक करा: प्रत्येक धड्यातला एक परिच्छेद निवडा आणि त्यावर अख्खा तास द्या, बाकीचा धडा भराभर घ्या. 'द न्यू ड्रेस' मध्ये मेबल आरशात स्वतःला बघते आणि बशीतल्या माशीचा विचार करते, तेवढा भाग घेतला तरी व्हर्जिनिया वूल्फची मनातले विचार धावते ठेवायची पद्धत कळते. मुलांचे चार-चारचे गट करून त्याच परिच्छेदावर बोर्डासारखे प्रश्न काढायला लावा. प्रश्न काढणाऱ्या मुलाला उतारा आतून बाहेरून कळतो. तपासायला वह्यांचा ढीग होतो म्हणून मी एकच उत्तर तपासते पण त्याच्यावर नीट लिहिते, 'पुरावा कुठे?' हा शेरा तर इतका वापरलाय की मुलं आता एकमेकांच्या वह्यांवर लिहितात.

गेल्या वर्षांच्या कृतिपत्रिका किती सोडवाव्यात?

संख्येपेक्षा सोडवल्यानंतर काय करता ते बघा. घड्याळ लावून एक सोडवली की दुसऱ्या दिवशी मॉडेल आन्सर शेजारी ठेवून स्वतःचं उत्तर सुधारून परत लिहायचं. नुसत्या सोडवत गेलात तर त्याच चुका पक्क्या होतात.

पेपरात वेळ पुरत नाही, क्रम काय ठेवू?

गद्याला साधारण ७० मिनिटं, कवितेला ३५, रायटिंगला ४०, नॉव्हेलला ३०. उरलेली पाच मिनिटं इकडेतिकडे जातातच. ज्यांना नॉव्हेल पक्कं आहे त्यांनी ते आधी लिहिलं तरी चालेल पण सेक्शन नव्या पानावर सुरू करा आणि प्रश्न क्रमांक ठळक घाला. अप्रिसिएशन शेवटी ठेवू नका, घाईत तेच सगळ्यात वाईट लिहिलं जातं. पेपर सुरू व्हायच्या आधी वाचायला मिळायची ती १० मिनिटं २०२३ पासून बोर्डाने शेवटी दिलीत, ती नवीन काही लिहायला धरू नका, समरीला टायटल आहे का, फिगर ऑफ स्पीचचं एक्स्प्लनेशन अर्धं राहिलंय का, वेब डायग्रॅमच्या चौकटी पूर्ण भरल्यात का आणि पुरवणीवर नंबर टाकलाय का, एवढं बघून पेपर द्या.